जुना संगणक : मोडीत काढावा की वाढवावा?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचे नियमित पाठबळ थांबवले. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. पण घरातल्या, दुकानातल्या, कारखान्याच्या कार्यालयातल्या जुन्या डेस्कटॉपचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र त्या तारखेने समोर आणून ठेवला. त्याच सुमारास रॅमचे भाव चढू लागले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्याने मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी उत्पादन तिकडे वळवले. मायक्रॉन कंपनीने तर ‘क्रुशल’ या नावाने किरकोळ ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसायच आवरता घेत असल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. एकीकडे संगणक जुना झाल्याची सूचना आणि दुसरीकडे नव्याचा वाढलेला खर्च, अशा कात्रीत ग्राहक सापडला आहे. त्यात दुकानात गेले की ‘यात आता काही राहिलेले नाही, नवीनच घ्या’ हा सल्ला ठरलेला. तो कधी खरा असतो, पुष्कळदा नसतो.

राजारामपुरी किंवा शाहूपुरीतून कोटेशन आणण्याआधी घरी बसून पंधरा मिनिटे खर्च केली, तर आपल्या यंत्रातला नेमका कोणता भाग बाकीच्यांना अडवून धरतो आहे, हे बरेचसे कळते. पैसा त्या एका भागावर खर्च व्हावा. प्रत्यक्षात तो बहुधा प्रोसेसरवर होतो आणि संगणक पूर्वीइतकाच मंद राहतो.

आधी निदान

एक घोटाळा सुरुवातीलाच दूर करायला हवा. आपल्याकडे टेबलाखालच्या संपूर्ण डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणण्याची पद्धत आहे. वास्तविक सीपीयू म्हणजे त्या डब्यातील मदरबोर्डवर बसवलेला प्रोसेसर; डब्याचे नाव कॅबिनेट. दुकानदाराने ‘सीपीयू बदलावा लागेल’ असे सांगितले, तर तो प्रोसेसरबद्दल बोलतो आहे की सगळ्या डब्याबद्दल, हे तिथेच विचारून घ्यावे. दोन्हींच्या खर्चात मोठे अंतर आहे.

संगणक नेहमीच्या कामात असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ या भागात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क किती राबत आहेत, याचे आकडे दिसतात. संगणक रखडलेला असताना डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर दहा-वीस टक्क्यांवर असेल, तर दोष हार्ड डिस्कच्या वेगाचा आहे. मेमरी सतत ८५-९० टक्क्यांच्या पुढे असेल, तर रॅम अपुरी पडते. प्रोसेसरच कायम शंभरीवर असेल, तर तो कमी पडत असण्याचा संभव आहे. पण तेव्हाही आधी व्हायरसची तपासणी करावी आणि पंख्यात साचलेली धूळ काढून पाहावी. तापलेला प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो.

काही तक्रारींचे कारण या आकड्यांत सापडत नाही. काम करता करता संगणक अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर संशय एसएमपीएसवर घ्यावा. तारीख-वेळ सतत मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा ‘सीआर २०३२’ हा नाण्याच्या आकाराचा सेल संपलेला असतो. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, जीएसटी विवरणपत्र भरताना डिजिटल स्वाक्षरी नाकारली जाते आणि बिचाऱ्या इंटरनेटवाल्याच्या नावाने खडे फोडले जातात. हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पावसाळ्यात संगणक सुरू न होता नुसताच बीप बीप वाजत असेल, तर वीजजोडणी काढून रॅमची पट्टी बाहेर घ्यावी, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसावेत आणि पट्टी परत बसवावी. हा उपाय जुना आहे, पण अजूनही लागू पडतो.

सर्वाधिक फरक कशाने पडतो?

२०१८ च्या आधी घेतलेल्या बहुतेक घरगुती डेस्कटॉपमध्ये फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे. तबकडीवरील माहिती शोधण्यासाठी डोक्याला, म्हणजे हेडला, प्रत्यक्ष जागेवरून हलावे लागते आणि प्रत्येक वेळी त्यात साधारण दहा मिलिसेकंद जातात. एसएसडीमध्ये हलणारा भागच नसल्याने हेच काम एक दशांश मिलिसेकंदाच्या आत होते. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली वाचल्या जातात, त्यामुळे हा फरक मिनिटांत मोजण्याइतका ठळक होतो. पाच मिनिटांनी वापरण्याजोगा होणारा संगणक अर्ध्या मिनिटात उभा राहिला, तर त्यात नवल नाही.

एसएसडी मुख्यतः दोन प्रकारांत येते. ‘साटा’ प्रकारची अडीच इंची एसएसडी जुन्या हार्ड डिस्कच्याच केबलवर चालते. तिची वेगमर्यादा सेकंदाला सुमारे ५५० एमबी. ‘एनव्हीएमई’ प्रकारची पट्टी मदरबोर्डवरच्या ‘एम.२’ खाचेत बसते आणि तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसवरही सेकंदाला साडेतीन हजार एमबीच्या आसपास जाते. आकडे ऐकून दुसरीच घ्यावीशी वाटते. मात्र जुन्या बोर्डावर एम.२ खाच नसते. असली तरी काही खाचा फक्त साटा पट्टीच स्वीकारतात, कारण खाचेचा आकार आणि आतली जोडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोर्डाचे नाव आणि क्रमांक कागदावर लिहून नेल्याशिवाय एम.२ पट्टी विकत घेऊ नये. शिवाय हिशेब, पत्रव्यवहार, इंटरनेट एवढेच काम असेल, तर साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक हाताला फारसा जाणवत नाही. हार्ड डिस्ककडून साटा एसएसडीकडे जाण्याचा फरक मात्र कोणालाही जाणवतो.

जुनी हार्ड डिस्क लगेच काढून टाकण्याचे कारण नाही. विंडोज आणि आज्ञावल्या एसएसडीवर, फोटो-चित्रफिती हार्ड डिस्कवर, अशी विभागणी करता येते. तत्पूर्वी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या मोफत आज्ञावलीने तिची प्रकृती पाहावी. तेथे ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असे दिसले, तर खरेदीचा विचार बाजूला ठेवून आधी माहितीची दुसरी प्रत काढावी.

रॅमची गोष्ट थोडी वेगळी आहे. ४ जीबी रॅमवर विंडोज कशीबशी चालते, ८ जीबीवर कार्यालयीन काम निभावते, १६ जीबीवर ब्राउझरच्या वीस खिडक्या उघडल्या तरी अडत नाही. त्यापुढची वाढ कामावर अवलंबून. पण रॅम टाकण्याआधी विंडोज ३२ बिटची आहे की ६४ बिटची, हे ‘सिस्टिम’ या सदरात पाहावे. ३२ बिटची विंडोज ४ जीबीपलीकडची रॅम वापरूच शकत नाही. तिथे आठची पट्टी टाकणे म्हणजे पैसे पाण्यात. डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. शक्य असेल तर एकसारख्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एकच १६ जीबीची पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घेतल्यास प्रोसेसरला मेमरीकडे जाण्याचे दोन मार्ग मिळतात, आणि ज्या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे त्याला त्याचा विशेष लाभ होतो. भाव चढे असताना वापरलेली रॅम घेण्यात गैर काही नाही. रॅममध्ये झिजणारा भाग नसतो. ‘मेमटेस्ट ८६’ ही चाचणी रात्रभर लावून ती निर्दोष निघाल्यावर पैसे चुकते करण्याची बोली मात्र करावी.

पिढीचा आकडा

‘कोअर आय ५ आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही. आय ५ हे नाव २००९ पासून चालत आले आहे. पाहायचा असतो तो पुढचा क्रमांक. त्यातील शेवटचे तीन आकडे वगळले की उरते ती पिढी : आय ५-६५०० म्हणजे सहावी, आय ५-१२४०० म्हणजे बारावी. जानेवारी २०११ मधला आय ७-२६०० आणि जानेवारी २०२२ मधला आय ३-१२१०० यांची तुलना या दृष्टीने बोलकी आहे. दोघांतही चार कोअर आणि आठ थ्रेड. तरीही नावाने धाकटा असलेला आय ३ हा जुन्या आय ७ ला स्पष्टपणे मागे टाकतो. अलीकडच्या प्रोसेसरांच्या नावातून इंटेलने ‘आय’ हे अक्षरच काढले असून ‘कोअर अल्ट्रा’ अशी नवी नावे आली आहेत.

विंडोज ११ चे घोडे अडते ते याच पिढीपाशी. ही कार्यप्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिच्यासाठी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण या अटी किरकोळ आहेत. खऱ्या अटी म्हणजे टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा, सिक्युअर बूट आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी आणि एएमडीची रायझन २००० मालिका येथून पुढचे प्रोसेसर या यादीत आहेत. ‘पीसी हेल्थ चेक’ ही मायक्रोसॉफ्टचीच मोफत आज्ञावली चालवली की आपले यंत्र बसते की नाही, ते कळते. तिने टीपीएम नसल्याचे सांगितले तरी लगेच निराश होऊ नये. आठव्या पिढीनंतरच्या बऱ्याच बोर्डांत ही सुविधा असते. ती फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर ती ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. ती चालू करणे हे पाच मिनिटांचे काम आहे आणि त्यासाठी नवा मदरबोर्ड खपवला जात असेल, तर उठून दुसऱ्या दुकानात जावे.

सहाव्या-सातव्या पिढीचे संगणक मात्र खरोखरच अडकले आहेत. त्यांच्या मालकांना असे वाटू शकते, की बोर्ड तोच ठेवून आठव्या पिढीचा प्रोसेसर बसवावा. सॉकेटचे नाव दोन्हीकडे ‘एलजीए ११५१’ असल्याने तो जागेवर बसतोही, पण चालत नाही. इंटेल साधारण दर दोन पिढ्यांनी सॉकेट किंवा चिपसेट बदलते, त्यामुळे प्रोसेसर बदलणे म्हणजे बहुधा बोर्डही बदलणे आणि अनेकदा रॅमही. एएमडीच्या ‘एएम ४’ बोर्डांचे मालक त्या मानाने सुदैवी. २०१६ मध्ये आलेल्या या सॉकेटवर पुढे रायझन ५००० मालिकाही चालली, आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने बायोसची नवी आवृत्ती दिली असल्यास जुन्या बोर्डावरही ती बसते. २०२२ मध्ये आलेला ‘एएम ५’ सॉकेट फक्त डीडीआर ५ रॅम घेतो.

ज्यांचे यंत्र विंडोज ११ घेत नाही, त्यांच्यापुढे मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी जाहीर केलेल्या सुरक्षा-मुदतवाढीचा मार्ग आहे. पण ती योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. दुसरा मार्ग लिनक्सचा. इंटरनेट, पत्रे, युनिकोड मराठी टंकलेखन, चित्रफिती पाहणे यांसाठी ‘उबुंटू’ किंवा ‘लिनक्स मिंट’ पुरेशी आहे आणि एसएसडी टाकलेल्या सहाव्या पिढीच्या यंत्रावर ती चांगली चालते. टॅली वा जुन्या मराठी फाँटच्या आज्ञावल्या वापरणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. अटी चुकवून विंडोज ११ बसवून देणारेही भेटतात. तशा यंत्राला पुढील सुधारणा मिळत राहतील, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हिशेबाच्या संगणकावर तो प्रयोग नको.

‘नव्या’ संगणकाची चकवी जाहिरात

‘कोअर आय ५, १६ जीबी, एसएसडी, नवा कोरा, वर्षाची वॉरंटी’ अशी जाहिरात आणि किंमत निम्म्याहून कमी असे दिसले, की बोर्डाचा चिपसेट विचारावा. ‘एच ६१’ असे उत्तर आले, तर तो चिपसेट इंटेलने २०११ मध्ये बाजारात आणलेला आहे. त्या बनावटीचे बोर्ड पुढेही नव्याने तयार होत राहिले आणि त्यावर कार्यालयांतून उतरलेले दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसवून ‘नवा’ संगणक विकला जातो. डबा नवा, एसएसडी नवी, आतला जीव चौदा-पंधरा वर्षांचा. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालणार नाही, रॅम डीडीआर ३, आणि पुढे वाढवायला वाव शून्य. मुलाच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी म्हणून कष्टाच्या पैशातून असा संगणक घेतला जातो, तेव्हा फसवणूक लक्षात यायला पहिले सत्र उजाडावे लागते.

याउलट, मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून उतरलेले ब्रँडेड डेस्कटॉप वापरलेले म्हणूनच विकले जात असतील, तर ते वाईट नसतात. आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा एवढी अट घालावी. या लहान आकाराच्या यंत्रांत एसएमपीएस आणि मदरबोर्ड बहुधा त्या कंपनीच्याच खास मापाचे असतात. एसएमपीएस जळाला तर बाजारातला साधा बसत नाही, आणि मोठे ग्राफिक्स कार्ड घालायलाही जागा नसते. घेतला तसाच वापरायचा, या तयारीने घ्यावा.

पूर्ण नवा डेस्कटॉप जुळवून घेणाऱ्यांनी इंटेल प्रोसेसरच्या क्रमांकाअखेरचे अक्षर पाहावे. शेवटी ‘एफ’ असेल, तर त्यात ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच उमटणार नाही. थोड्या बचतीसाठी एफ घेऊन नंतर कार्डासाठी धावाधाव करावी लागते. एएमडीच्या एएम ४ प्रोसेसरांत उलट आहे : तिथे ‘जी’ अक्षर असेल तरच ग्राफिक्स आत असते. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतील काही शक्तिशाली डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा दोष २०२४ मध्ये उघड झाला होता. कंपनीने त्यावर मायक्रोकोड सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर वापरलेला घेताना बोर्डाचे बायोस अद्ययावत केलेले होते का, हे विचारायला विसरू नये.

उद्यमनगर आणि छापखाना

कोल्हापुरात संगणकाचा प्रश्न घरापुरता नाही. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथल्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये जुना डेस्कटॉप ही उत्पादनाच्या साखळीतली एक कडी आहे, आणि तिथे ‘जुने ते टाकावे’ हा नियम लावला तर नुकसान होते.

अनेक जुनी सीएनसी यंत्रे प्रोग्रॅम घेतात ती नऊ पिनांच्या ‘आरएस २३२’ सिरियल पोर्टमधून. नव्या मदरबोर्डांच्या मागे हे पोर्ट सहसा नसते. मग यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लावला जातो. त्यातले अगदी स्वस्त, नक्कल केलेल्या चिपचे कन्व्हर्टर ड्रायव्हर बदलला की दगा देतात किंवा लांब प्रोग्रॅम पाठवताना मध्येच अक्षरे गाळतात. कास्टिंगवर टूल चालू असताना एक अक्षर गळणे म्हणजे काय, हे ऑपरेटरला सांगायला नको. पीसीआय एक्स्प्रेस खाचेत बसणारे सिरियल कार्ड हा त्याहून भरवशाचा उपाय आहे. खरे तर यंत्राशी व्यवस्थित बोलणारा विंडोज एक्सपीवरचा जुना संगणक असेल, तर तो तसाच राहू द्यावा. एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजीच संपले आहे, म्हणून त्याची इंटरनेट आणि कार्यालयीन नेटवर्कची केबल काढून टाकावी, त्याच्या हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, करून कपाटात ठेवावी आणि एक सुटा एसएमपीएस जवळ बाळगावा. यापेक्षा अधिक सुधारणा त्याला नको.

कॅडसाठी घ्यायच्या संगणकात नेमकी उलटी चूक होते. गेमिंगच्या नावाने विकले जाणारे अनेक कोअरचे प्रोसेसर आणि महागडे ग्राफिक्स कार्ड घेतले जाते. पण ऑटोकॅड किंवा सॉलिडवर्क्समधील आरेखनाचे बरेचसे काम एका वेळी एकच कोअर वापरते, म्हणून तिथे कोअरच्या संख्येपेक्षा एकेका कोअरचा वेग महत्त्वाचा. टूलपाथची आकडेमोड आणि रेंडरिंग मात्र जास्त कोअर कामी लावतात. ऑटोकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्यांसाठी कंपनी किमान ८ जीबी रॅम सांगते, पण शिफारस ३२ जीबीची करते. मोठ्या असेंब्लीवर काम करणाऱ्यांनी शिफारसच खरी मानावी. सॉलिडवर्क्स वापरणाऱ्यांनी कार्ड घेण्याआधी कंपनीने प्रमाणित केलेल्या कार्डांची यादी पाहावी.

छापखाने आणि डीटीपी केंद्रांची अडचण निराळीच. मराठी अक्षरजुळणीच्या जुन्या आज्ञावल्यांसोबत डोंगल, म्हणजे कुलपाचे काम करणारे लहान उपकरण येई. त्यातले काही जुने डोंगल प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टला लावायचे असत आणि ते पोर्ट आता नव्या बोर्डांवर सहसा दिसत नाही. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, दिवाळी अंक आणि स्मरणिका त्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये अडकलेल्या असतात. नवा संगणक घेण्याआधी आपली आज्ञावली ६४ बिटच्या विंडोजवर चालते का आणि डोंगल बदलून मिळतो का, हे तिच्या विक्रेत्याला विचारून घ्यावे. उत्तर नकारार्थी आले, तर जुना संगणक एका कोपऱ्यात जिवंत ठेवून फाइली टप्प्याटप्प्याने युनिकोडमध्ये आणण्याचे काम आधी सुरू करावे.

वीज, अर्थिंग आणि पूर

डेस्कटॉपचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट असे छापलेले असते. त्या आकड्यावर विसंबण्यासारखे काही नसते. वास्तविक वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला कार्यालयीन डेस्कटॉप शंभर वॅटच्या आतच भागवतो. त्यामुळे वॅटची चढाओढ व्यर्थ आहे. दाब कमी-जास्त झाला असता आतले भाग वाचवण्याची क्षमता महत्त्वाची. ‘८० प्लस’ हे चिन्ह विजेच्या बचतीपुरतेच बोलते, संपूर्ण दर्जाची ग्वाही देत नाही. तरी नामवंत कंपनीचा, हे चिन्ह असलेला एसएमपीएस घेतला तर फुकटच्या डब्यापेक्षा कितीतरी बरा. एसएसडीवर खर्च करून जुनाच एसएमपीएस ठेवणाऱ्याची नवी एसएसडी एखाद्या दिवशी त्याच्यासोबत जाऊ शकते.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर दोष संगणकात नसून अर्थिंगमध्ये असण्याची शक्यता अधिक. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांतील दाब मोजून घ्यावा. तो साधारण दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. जुन्या पेठांतल्या वाड्यांत तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थची तारच नसल्याचेही आढळते. ६०० व्हीए क्षमतेचा घरगुती यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटच देतो आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. लेसर प्रिंटर त्यावर कधीही लावू नये. तापताना तो एकदम मोठा प्रवाह खेचतो. शिरोलीसारख्या भागात कॅबिनेटमध्ये जाणाऱ्या धुळीत लोखंडाचे कण असतात, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी ब्लोअरने सफाई करावी. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत.

आणि पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ती ५५ फुटांच्या पुढे गेली. शाहूपुरी, नागाळा पार्क, शुक्रवार पेठ या भागांत तळमजल्यावरच्या दुकानांत आणि घरांत पाणी शिरले. टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला डबा हा अशा वेळी पहिला बळी असतो. नदीकाठच्या आणि जयंती नाल्याकाठच्या भागात कॅबिनेट टेबलावर ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. पण तो पुरेसा नाही. हिशेबाची, ग्राहकांची, कुटुंबाच्या फोटोंची एक प्रत बाह्य हार्ड डिस्कवर आणि दुसरी शहराच्या उंच भागातील नातेवाइकाकडे किंवा ऑनलाइन असावी. पाणी इशारा पातळीकडे जाऊ लागले, की डबा उचलून वरच्या मजल्यावर नेण्यासाठी फार तर चार केबल काढाव्या लागतात.

संगणक बुडालाच, तर तो सुरू करून पाहू नये. हार्ड डिस्क उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवूही नये. वाळताना गाळाचे कण तबकडीवर चिकटून बसतात आणि सुरू करताच हेड त्यावर घासतो. ओलसर अवस्थेतच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ती डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे पाठवावी. एसएसडी किंवा हार्ड डिस्कवरची माहिती महत्त्वाची नसेल, तर बाकीच्या भागांवर जीव टाकण्याचे कारण नाही.

बिल आणि भंगार

कोटेशनवर तारीख पाहावी. रॅम आणि एसएसडीचे भाव हलते असताना पंधरवड्यापूर्वीच्या कोटेशनला अर्थ नसतो. तुलना करताना १८ टक्के जीएसटी धरून केली आहे की वगळून, हे विचारावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवलेला भाग स्वस्त पडतो हे खरे, पण ज्या कंपनीचे सेवाकेंद्र शहरात नाही, तिचा बिघडलेला मदरबोर्ड पुण्या-मुंबईला पाठवून वाट पाहावी लागते. दुकानाच्या संगणकासाठी हे आठवडे परवडत नाहीत. बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटीचा दावा त्यावरच चालतो आणि दुरुस्तीहून परत आलेला भाग आपलाच आहे, हेही त्यावरून कळते. मदरबोर्ड बदलायचा ठरल्यास एक गोष्ट लक्षात ठेवावी : संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना बहुधा त्या बोर्डाशीच बांधलेला असतो. नव्या बोर्डावर तो चालेलच असे नाही, त्यामुळे परवान्याचा खर्च कोटेशनमध्ये धरला आहे का, ते पाहावे.

उरलेले जुने भाग भंगारवाल्याच्या हातगाडीवर देऊ नयेत. तांब्यासाठी तारा जाळल्या जातात आणि सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवले जातात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादक कंपन्यांवर नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांमार्फत विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आहे. यूपीएसची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदार मोबदला देऊन परत घेतो. हार्ड डिस्क देताना मात्र नुसते फॉरमॅट करून चालत नाही. झटपट फॉरमॅटने यादी पुसली जाते, फाइली तशाच राहतात, आणि त्यांत आधारच्या प्रती, बँकेची पासबुके, ग्राहकांची देणी-घेणी असतात. डिस्क चालू असेल तर तिच्यावर संपूर्ण पुसणारी आज्ञावली चालवावी. बंद पडलेली असेल तर ड्रिल मशीनने तबकडीतून आरपार तीन-चार छिद्रे पाडून मगच ती घराबाहेर जाऊ द्यावी.